शमकाची किल्ली

"मी तुतिकोरिनला चाललेय. तीन वर्षांसाठी," सुप्रभाताई म्हणाली तेव्हा चंदना मेथी निवडत बसली होती.

"कधी?"

"पुढच्या महिन्याच्या शेवटी. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करतायत, त्यांच्या पायांचं काम माझ्याकडे आलंय. निम्मा महिना समुद्रातच राहावं लागेल. तिथं फोन धड लागत नाही."

"बरं," चंदना म्हणाली. "चहा टाकू?"

चहा पिता पिता ताईच रडली. चंदनानं तिच्या पाठीवरून हात फिरवला, कप विसळून ठेवले आणि उरलेली मेथी निवडायला घेतली.

चंदना शिरगुप्पेला आधीपासून ओळखणाऱ्या कुणालाही हे खोटं वाटलं असतं. आई गेली तेव्हा ती सातवीत होती. ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी, त्यामुळे तिला वाढवलं ताईनंच. ही ताई एकदा दोन दिवसांच्या मीटिंगला पुण्याला गेली, तर चंदनानं आधी फोनवर फोन लावले, मग ताईचा नंबर ब्लॉक केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीहून निघून थेट ताईच्या हॉटेलच्या दारात उभी राहिली. माणसं तिला देवासारखी तरी वाटत नाहीतर शत्रूसारखी. अधलंमधलं काही नव्हतं. ठरलेलं लग्न तिनं एका संध्याकाळी मोडलं आणि पहाटे त्याच मुलाच्या पाया पडायला गेली. दोनदा तिनं स्वतःचा जीव धोक्यात घातला होता. दोन्ही वेळा ताई तिला घेऊन दवाखान्यात धावली होती.

"याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार म्हणतात," डॉ. फिरोज मणेर म्हणाले होते.

"कुठली बॉर्डर? कर्नाटकाची?" चंदनानं विचारलं होतं.

डॉक्टर हसले, पण मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. बहुतेकांच्या मनाला दार असतं. आलेला माणूस आधी दारात थांबतो. काहींच्या मनाला ते दारच नसतं. कुणी जरा तुटक बोललं की ते बोलणं थेट आतल्या खोलीत येतं. या आजारावर नेमकी अशी एक गोळी नाही. झोपेला, उदासीला, टोकाच्या चिडीला वेगवेगळ्या गोळ्या असतात. त्या थोडा टेकू देतात. खरा उपचार म्हणजे बोलणं आणि शिकणं, तेही चिकाटीनं. चंदनानं गोळ्या घेतल्या. मीनल ओतारी या उपचारतज्ज्ञांकडे वर्षभर गेली, सुधारली, पुन्हा घसरली. तिला दुसऱ्यांदा दवाखान्यात न्यावं लागलं, त्याच वर्षी शमक आला.

शमक म्हणजे केसाइतक्या बारीक तारांची जाळी. मानेतल्या शिरेतून ती मेंदूतल्या शिरेत सरकवतात, कवटी उघडावी लागत नाही. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराची एक गाठ असते, अमिग्डाला. धोक्याची घंटा वाजवणं हे तिचं काम. घंटा खरी की खोटी, हे पारखायचं काम कपाळामागच्या मेंदूचं. चंदनाची घंटा फार मोठ्यानं वाजायची आणि पारखणारा फार उशिरा पोचायचा. शमक त्या गाठीजवळ कान लावून बसतो. भावनेची उसळी येऊ लागली की त्या माणसाला कळायच्या आतच तो उलट दिशेनं सूक्ष्म विजेची थाप देतो आणि उसळी बसते. प्रत्येकाची उसळी वेगळी, म्हणून यंत्र काही आठवडे ती शिकून घेतं.

किती दाबायचं, हे शून्य ते दहा अशा पायऱ्यांवर ठरतं. ते ठरवणाऱ्या फोनमधल्या ॲपला सगळे 'किल्ली' म्हणत. उसळीच्या भरात पेशंट स्वतःच शमक बंद करेल, या भीतीनं शमक बसवणाऱ्या उपचार केंद्राचा नियम होता की किल्ली जवळच्या माणसाकडे राहील. चंदनाची किल्ली ताईकडे होती आणि चंदनानं ती स्वखुशीनं दिली होती.

चौथ्या पायरीवर तिचं आयुष्य मार्गी लागलं. महापालिकेच्या जलतरण तलावावर ती मुलांना पोहायला शिकवू लागली आणि ती नोकरी तिनं टिकवली. ओतारी मॅडमकडे जाणं आपोआप थांबलं. गरजच वाटेना.

ताईनं जाण्याचं सांगितलं त्याला आठवडा होत आला होता. तलावावर एक बाई मुलीचं नाव काढायला आली. मुलगी शिकायला बेळगावला चालली होती, वसतिगृहात. मुलगी उड्या मारत होती आणि आई बोलता बोलता थांबून पदरानं डोळे पुसत होती.

"काय करू मॅडम, चांगल्यासाठीच जातेय, कळतं सगळं. पण इथं तुटतं ना," ती छातीवर हात ठेवून म्हणाली.

चंदना तिच्याकडे बघत राहिली. माझी ताई तीन वर्षांसाठी चाललीय, तिच्या मनात आलं, आणि मी चहा टाकला.

संध्याकाळी ताई घरी आल्या आल्या तिनं सरळ विचारलं. "ताई, तू किल्ली फिरवलीस?"

सुप्रभा सँडल काढत होती. तिला खोटं बोलता येत नसे. ती तशीच खुर्चीत बसली.

"हो. सांगायच्या आदल्या दिवशी. नऊवर नेलं."

"का?"

"तू पुन्हा काही करशील म्हणून. चंदू, मला तिसऱ्यांदा दवाखान्यात धावायची ताकद नव्हती गं. वाटलं, तुला त्रास न होता हे पार पडेल. मी तिकडे रुळले की हळूहळू खाली आणीन."

चंदनानं हे शांतपणे ऐकून घेतलं. तिला स्वतःचीच भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटत नव्हती.

"आत्ता मला राग यायला हवा ना?" तिनं विचारलं.

ताईनं चेहरा ओंजळीत लपवला.

"किल्ली खाली घे, ताई."

"किती?"

"दोनवर. माझ्यासमोर."

राग दुसऱ्या दिवशी सकाळी आला. तलावाच्या काठावर शिट्टी तोंडात धरून ती उभी होती आणि पोटातून काहीतरी वर आलं. तिला ते लगेच ओळखू आलं. कित्येक महिन्यांत भेटलं नव्हतं, तरी ओळखू आलं. तिनं मुलांना सहकाऱ्याकडे सोपवलं आणि रिक्षा करून ताईचं ऑफिस गाठलं.

"माझी बहीण मला सोडून चाललीय आणि त्याचं दुःखसुद्धा तू माझ्याकडून काढून घेतलंस!" ऑफिसच्या जिन्यात उभं राहून ती ओरडली. वरच्या मजल्यावरून माणसं डोकावली. "आई गेली तेव्हाही सगळे म्हणाले, पोरीला नेऊ नका, तिला सोसणार नाही. मला आईला बघू दिलं नाही. तूपण तेच केलंस!"

सुप्रभा जिन्याचा कठडा धरून उभी होती. चंदनाच्या हातात फोन होता. तो भिंतीवर आपटायचा, हे तिच्या हाताला सवयीनं माहीत होतं. हात वर गेला आणि तिथंच थांबला. मग तिनं फोन पर्समध्ये टाकला.

"किल्ली मला पाहिजे," ती म्हणाली. "कायमची. आणि ती मी मिळवणार."

डॉ. मणेरांनी सगळं ऐकून घेतलं. ताईचं चुकलंच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण किल्लीचं नाव काढताच मान हलवली.

"नियम उगाच नाहीये, चंदना. ज्या क्षणी तुला शमकाची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच क्षणी तुला तो नकोसा होईल."

"डॉक्टर, मधुमेहाचा पेशंट इन्सुलिन स्वतःच टोचून घेतो ना? की त्याच्या बहिणीला विचारतो?"

"त्याची साखर त्याचे निर्णय बदलत नाही."

"फार खाली गेली तर बदलते. तरी तुम्ही त्याला शिकवता. मला शिकवायच्या ऐवजी तुम्ही माझ्या बहिणीच्या हातात रिमोट दिलात. मी काय टीव्ही आहे?"

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "तक्रार समितीकडे जाता येईल. पण समिती विचारेल, तू खालच्या पायरीवर राहून दाखवलंस का? आणि उसळी आली तर काय करायचं, हे तुला येतं का?"

"दाखवते. समितीची तारीख लावा."

ती पुन्हा मीनल ओतारींकडे गेली. ओतारी मॅडम गप्पिष्ट नव्हत्या. त्यांनी रुसवा दाखवला नाही, कौतुकही केलं नाही.

"शमक लाट येण्याआधीच थोपवतो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे लाट येऊ द्यायची आणि..."

"पाण्याच्या उपमा नकोत, मॅडम. मी दिवसभर पाण्यातच असते."

"बरं. मग साधंच सांगते. भावना खरी असते. ती जे करायला सांगते, ते दर वेळी करायचं नसतं. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. तुला एकच धरायची सवय आहे."

ते आठवडे वाईट गेले. दुसऱ्या पायरीवर जग पुन्हा टोकदार झालं. सहकारी तिच्याशी न बोलता निघून गेला की, आता तो नोकरीवरून काढायला लावणार, असं वाटायचं. आधी ती भावनेला नाव द्यायची: ही भीती आहे. मग विचारायची: काय घडलं, आणि मी त्यात काय घातलं? फारच असह्य झालं तर श्वास रोखून थंडगार पाण्यात चेहरा बुडवायची. त्यानं नाडी मंदावते. शरीराची ही जुनी सोय ती मुलांना शिकवतानाही वापरायची, फक्त स्वतःसाठी वापरायचं तिला कधी सुचलं नव्हतं. एका दुपारी ताईच्या बॅगा बघून तिनं त्यातले कपडे उचलून गॅलरीतून खाली फेकले. मग खाली गेली, सगळे गोळा केले, धुतले, वाळत घातले आणि ओतारी मॅडमना फोन करून काय केलं ते सांगितलं.

"फेकणं जुनं," मॅडम म्हणाल्या. "धुणं नवीन. शनिवारी ये."

समितीत तिघं होते. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. समोर मोठा पडदा होता आणि त्यावर चंदनाच्या शमकातून येणारी रेघ तिच्या उसळीबरोबर त्या त्या क्षणी वरखाली धावत होती. सुप्रभा बाजूच्या खुर्चीत बसली होती, डॉ. मणेर तिच्या पलीकडे.

"तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?" अध्यक्षांनी विचारलं. विचारताना ते पडद्याकडे बघत होते.

"राग येतोय," चंदना म्हणाली.

"हो, दिसतंय." रेघ चढली होती. "म्हणजे साध्या प्रश्नावरही..."

"साहेब, इकडे बघा. पडद्यावर नको, माझ्याकडे बघा."

अध्यक्षांनी मान वळवली.

"मी शांत बसले तर तुम्ही म्हणणार, शमक काम करतोय, किल्ली आहे तिथं असू दे. मी चिडले तर म्हणणार, बघा, हिच्या हातात किल्ली देता येणार नाही. मग मी नेमकं काय करायचं? माझ्या मेंदूत तार आहे, ती मी घालून घेतली आणि तिचा मला उपयोग झाला. ती मला नकोय असं मी म्हणत नाही. पण राग आला की आजार आणि राग गेला की बरं, हे कुणी ठरवलं? माझ्या बहिणीनं मला न विचारता माझं मन बंद केलं. त्याचा राग येणं हा आजार नाही. तो न येणं हा आजार होता, आणि तो तुमच्या यंत्रानं केला."

तिचा आवाज चढला होता, रेघ वरच होती. पण ती वाक्य मधेच तोडत नव्हती आणि दाराकडेही धावत नव्हती. सगळं बोलून झाल्यावर ती बसली आणि पाणी प्यायली.

अध्यक्षांनी सुप्रभाला विचारलं, "तुमचं काय मत? तुमच्या बहिणीला किल्ली द्यावी?"

सुप्रभा उठली. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "ती सुरक्षित राहील, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. किल्ली माझ्याकडे होती तेव्हाही सांगू शकत नव्हते." ती चंदनाकडे वळली. "पण त्या दिवशी मी नऊवर नेलं ना, ते तुझ्यासाठी नव्हतं, चंदू. तू रडलीस तर मला जाता येणार नाही, म्हणून नेलं. तो उपचार नव्हता. माझी सोय होती."

चंदनानं पहिल्यांदाच मान खाली घातली.

समितीनं आतल्या खोलीत जाऊन चर्चा केली आणि परत येऊन सांगितलं, की सुप्रभा शिरगुप्पे परगावी जात असल्यानं किल्ली यापुढे केंद्राकडे राहील.

"मग शमक काढा," चंदना तत्काळ म्हणाली.

"हा रागाच्या भरातला..."

"नाही. हे मी घरून ठरवून आले होते. ओतारी मॅडमना आणि डॉक्टरांना आधीच सांगितलंय. मला उपचार हवाय, मालक नको. शमक काढल्यावर मला त्रास होईल, पुन्हा गोळ्या वाढतील, कदाचित नोकरी जाईल, हे मला माहीत आहे. तरी काढा. तो अधिकार कायद्यानं माझा आहे."

डॉ. मणेर उभे राहिले. त्यांनी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला, बहुधा बोलायला वेळ मिळावा म्हणून.

"ती काढून टाकेल," ते म्हणाले. "मी तिला ओळखतो. मग आपण नियम वाचवू आणि पेशंट गमावू. ती सहा आठवडे दुसऱ्या पायरीवर राहिली. एकदा कपडे फेकले, हे तिनंच आम्हाला सांगितलं. आम्हाला कळलंही नसतं. मी आधी नाही म्हणालो होतो. आता माझं लेखी मत असं आहे की किल्ली हिला द्यावी."

पुन्हा चर्चा झाली. ही जास्त वेळ चालली. अखेर ठरलं: किल्ली चंदनाकडे, ओतारी मॅडमकडचा उपचार चालू ठेवायचा, जिवाला धोका दिसला तर डॉक्टरांना हस्तक्षेप करता येईल, आणि तीन महिन्यांनी फेरविचार.

"तात्पुरती परवानगी आहे ही," अध्यक्ष म्हणाले.

"चालेल," चंदना म्हणाली. "तीन महिन्यांनी कायमची मागायला येते."

मिरज जंक्शनवर ताईची गाडी दुपारची होती. ताईनं खिडकीजवळची जागा धरली, बॅगा बाकाखाली सरकवल्या आणि पुन्हा खाली उतरून आली. चंदनाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"किती आहे?" ताईनं विचारलं.

"दोन."

"थोडं वर घे गं. त्यासाठीच तर आहे ते."

"घेईन. तू गेल्यावर, मला वाटलं तर. आत्ता नाही."

गाडीनं भोंगा दिला. चंदनाच्या तोंडात जुनं वाक्य येऊन बसलं होतं: जा, परत तोंड दाखवू नकोस. ते किती सोपं होतं. एकदा ते म्हटलं की जाणारी ताई राहत नाही, आपण हाकललेली ताई उरते. तिनं ते गिळलं.

"ऐक," ती म्हणाली. "तू जातेयस याचा मला भयंकर राग आलाय. आणि तू जायला हवंस. दोन्ही. तिथं रेंज मिळेल तेव्हा फोन कर. नाही केलास तरी मी जिवंत असेन. पण तू कर."

सुप्रभानं तिला घट्ट मिठी मारली. मग ती डब्यात चढली, कारण गाडी हलली होती.

शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर चंदना बाकावर बसली आणि मोठ्यानं रडली. हुंदके देऊन, नाक ओढत, आजूबाजूच्या लोकांची पर्वा न करता. भजी खात बसलेल्या एका बाईनं पुडा बाजूला ठेवून विचारलं, "कोण गेलं का, बाई?"

"बहीण."

"अरेरे. आजारी होती?"

"नाही. तुतिकोरिनला गेली."

बाई गोंधळली, मग तिनं पुडा पुढे केला. चंदनानं एक भजं घेतलं.

रडणं कमी होईना. आई गेली तेव्हाचंही त्यात मिसळलं असावं, असं तिला वाटलं. छातीत इतकं भरून आलं की श्वास पुरेना, आणि घरी जाण्याची कल्पना सहन होईना. तिनं फोन काढला. किल्ली उघडली. बोट पायऱ्यांवर ठेवून ती जराशी थांबली, स्वतःला विचारलं, आणि दोनाचे तीन केले. तीनच. दुःख तसंच राहिलं. फक्त त्याच्यासोबत उठून चालता येईल एवढी जागा झाली. तिनं ओतारी मॅडमना कळवलं, तोंड धुतलं आणि सांगलीची बस धरली.

संध्याकाळच्या बॅचची मुलं तलावाच्या काठावर रांगेत बसून पाण्यात पाय हलवत होती. चंदना शिट्टी घेऊन आली तशी एका मुलीनं तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं.

"मॅडम, डोळ्यांत क्लोरीन गेलं का तुमच्या?"

"नाही," चंदना म्हणाली. "रडलेय मी. दुपारभर. चला, उतरा पाण्यात."